मनकर्णाबाईंचा भूतबाजा

लालबाग, बुऱ्हाणपूर
२० नोव्हेंबर २०२३

प्रिय प्रतिभा,

आशीर्वाद. दिवाळी सरली, फराळाचे डबे तळाला गेले, तरी तुझं पत्र नाही. फोन तर तू उचलतच नाहीस. सूनबाई म्हणते, "बाबा, प्रतिभाआत्या बिझी रहती है, तुम्ही मेसेज टाकून द्या ना." मी म्हटलं, अश्विनी, मेसेजला समास नसतो, आणि समास सोडल्याशिवाय मला लिहिता येत नाही. जन्मभर मुलांच्या वह्यांत तेच शिकवलं.

काम आहे म्हणून लिहितो. वाचनालयातला भूतबाजा आठवतो का तुला? वरच्या दालनात, पश्चिमेच्या खिडकीशी, कपाटाएवढा उंच, पुढून रंगीत काचेचा. कुण्या जिनिंगवाल्या शेठने तो जर्मनीहून मागवला आणि त्याच्या मुलांनी अडगळ म्हणून वाचनालयाला देऊन टाकला. पोटात अख्खा पियानो, पियानोच्या डोक्यावर लाकडी नळ्यांची रांग, खाली भाता. भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी चढवायची, हँडल फिरवायचं, की समोर माणूस नसताना पियानोच्या पट्ट्या आपोआप दबायच्या आणि वर नळ्या गाऊ लागायच्या. त्याचं खरं नाव ऑर्केस्ट्रियन, हे तूच मला पुढे कधीतरी पुण्याहून कळवलं होतंस. गावाने त्याला भूतबाजा म्हटलं, आणि गावाचं बरोबर होतं.

तो मुका झाल्याला किती वर्षं झाली ते सांगायला आता कोणी उरलं नाही. पण यंदा अश्विनी वाचनालयाची चिटणीस झाली आहे. बँकेतून आली की संध्याकाळी तिथेच असते. तिने भिकन शिपायाकडून बाजा पुसून घेतला, उंदरांचं घरटं काढलं आणि समितीत ठराव केला की फेब्रुवारीत वर्धापनदिनाला बाजा वाजलाच पाहिजे. भिकनने हँडल फिरवून पाहिलं. आतून जो आवाज आला तो ऐकून म्हणतो, "गुरुजी, भूत तो जागा झाला, पण गळा बसला त्याचा."

तू मामाच्या घरची असून आमच्याच घरी वाढलीस, त्याच दालनात माझ्या शेजारी मांडी घालून बसलीस. पुढे लग्न होऊन गेलीस आणि सासऱ्यांच्या हाताखाली पियानो जुळवायला शिकलीस. सगळ्या पुण्याचे पियानो, चर्चमधले ऑर्गन, परक्यांच्या दिवाणखान्यांतले सूर तू लावलेस. माहेरचा एक बाजा तेवढा राहिला. परवा त्याच्यासमोर उभा होतो तर ओठांवर आपसूक आलं,

तापीबाई, तापीबाई,
कुठे चालली इतकी घाई?
केळीखाली बैस घडीभर,
भिजले लुगडे सुकव उन्हावर.

आपल्या मनकर्णाबाईंची कविता. पुस्तकात ती कधी नव्हती, पण मला सगळ्या पाठ्यपुस्तकांपेक्षा तीच पाठ आहे. तू ये. घडीभर केळीखाली बैस.

तुझा
अनंतदादा


पुणे
२९ नोव्हेंबर २०२३

अनंतदादा,

नमस्कार. गुडघ्यांमुळे साष्टांग बंद आहे, उभ्यानेच केलेला गोड मानून घे.

फोन मी उचलत नाही कारण मला त्यातलं कळत नाही. तू पलीकडून कविता म्हणतोस की भाजीचे भाव सांगतोस, दोन्ही मला सारखंच. दादा, माझा डावा कान गेला. हळूहळू गेला, मला न विचारता गेला. उजव्यावर चाललं आहे, पण त्याचाही भरवसा वाटेनासा झाला आहे. हे मी कुणालाच बोलले नाही. जावयाला कळलं तर दुसऱ्या दिवशी माझी हत्यारांची पिशवी माळ्यावर जाईल.

आता तुझ्या बाजाचं. नुसता पियानो असता तर मी भिकनलाच चार गोष्टी लिहून पाठवल्या असत्या. पण या कपाटात दोघं राहतात, तारा आणि नळ्या, आणि दोघं एकच चाल एकाच वेळी वाजवतात. त्यांचा सूर एकमेकांना अगदी मिळाला तर एकच आवाज येतो. जरा फरक राहिला की आवाज डुलतो, वांव-वांव करतो. ते डुलणं ऐकायचं आणि थांबवायचं, एवढंच माझं काम. ते डुलणं मला अजून ऐकू येतं का, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

म्हणून ठरवलं आहे. तुझा बाजा जुळवायला येते. जुळला, तर पुढेही काम करत राहीन. नाही जुळला, तर पिशवी बंद करीन आणि चर्चवाल्यांना कळवीन की आता दुसरं माणूस बघा. इतकी वर्षं ज्यांचे सूर लावले त्यांच्या प्रार्थनेत बेसूर पेरायची माझी इच्छा नाही. हे तुझ्यापाशीच ठेव.

जानेवारीत येते, थंडीत. तोवर भिकनने कशालाही तेल घालू नये. भात्याला त्याने सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं असेलच, ते असू दे. मला हसायला काहीतरी हवं.

प्रतिभा


लालबाग, बुऱ्हाणपूर
२८ जानेवारी २०२४

प्रिय प्रतिभा,

तू गेलीस आणि घर एकदम मोठं झालं.

या वयात पदर खोचून तू त्या कपाटात शिरलीस, नुसते पाय बाहेर, आणि आतून ओरडत होतीस, "भिकन, हात लावायचा नाही." तो बिचारा दाराबाहेर उभा. ट्यूबचं ठिगळ काढून तू त्याच्या हातात ठेवलंस तर म्हणतो कसा, "बाई, इसमें क्या बुरा था? पाणी नाही गळत त्याच्यातून." अश्विनी अजून ते सांगून हसते. तिला तू फार आवडलीस. म्हणते, आत्याने मावा जलेबी खाऊन हात पुसले ते थेट तारा छेडायलाच.

शेवटच्या दिवशी तू बाजाबरोबरच आलेली ती परदेशी गुंडाळी लावलीस. मला तिच्यातलं काही कळलं नाही, ते तुला माहीत आहे. ती चाल मी आधी कधी ऐकलेली नाही. सुरात वाजली काय, बेसूर वाजली काय, माझ्या लेखी सारखीच. पण तू डोळे मिटून, उजवा कान काचेला लावून उभी होतीस, आणि शेवटी नुसती मान हलवलीस. मी तुझ्या मानेवरून समजलो.

आता खरी बातमी. भिकन काल जुने नकाशे उन्हात घालत होता. त्या नकाशांच्या सुरळ्यांत एक सुरळी जाड तपकिरी कागदाची निघाली. उलगडली तर भोकंच भोकं. कडेला शाईने, त्या किंचित डावीकडे कललेल्या अक्षरात, 'तापीबाई'. प्रतिभा, बाईंची गुंडाळी आहे ही. आपण समजत होतो ती कधीच उंदरांनी खाल्ली.

आठवतं ना? मनकर्णाबाई मुलींच्या शाळेत गाणं आणि भरतकाम शिकवायच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत आपल्याला त्या दालनात जमवायच्या. त्या वेळी वाचनालय बंद असायचं म्हणून बाजा त्यांच्या ताब्यात. जमिनीवर कागद पसरून, मोच्याकडून आणलेल्या पंचाने ठोक ठोक करीत बसायच्या. एक ओळ ठोकायची, बाजाला लावून ऐकायची, मान हलवायची, भोक चिकटवायचं, पुन्हा ठोकायचं. आपण वळवाच्या ढगांकडे पाहावं तसं त्या भोकांकडे पाहत बसायचो. मग एके दिवशी ती लाकडाची पेटी आपली कविता म्हणू लागली. त्यानंतर आयुष्यात पुष्कळ ऐकलं. तसं काही ऐकलं नाही.

अठरा फेब्रुवारीला वर्धापनदिन. सगळ्यांसमोर तीच गुंडाळी लावायची ठरलं आहे. तू आता इतक्या लांबून पुन्हा येऊ नकोस. मी सगळं लिहून कळवतो.

तुझा
अनंतदादा


पुणे
६ फेब्रुवारी २०२४

दादा,

पत्र मिळालं. बाईंची गुंडाळी सापडली हे वाचून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ती कविता म्हटली. डाळ करपली.

लाव ती. परदेशी गुंडाळी मी जुळवताना ऐकली, ती माझी मीच तपासली; परीक्षा देणारी मी आणि पेपर तपासणारीही मीच. हे गाणं वेगळं. ते तुम्हा सगळ्यांच्या कानात बसलेलं आहे. दोन्ही आवाज एक होतात का, की डुलतात, एवढंच मला लिही. बाकीचं वर्णन तू लिहिशीलच, ते मी थांबवू शकत नाही.

प्रतिभा


लालबाग, बुऱ्हाणपूर
२१ फेब्रुवारी २०२४

प्रिय प्रतिभा,

काय सांगू आणि कसं सांगू. दालन ओसंडून वाहत होतं. संध्याकाळची तिरपी किरणं रंगीत काचेवर पडली होती. भिकनने हँडल फिरवलं आणि जणू तापीचं पात्रच जिना चढून वर आलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं. शाहपुरहून आलेले एक वृद्ध गृहस्थ तर किती तरी वेळ खुर्चीतून उठलेच नाहीत. दोन आवाज होते की एक, हे विचारायचं भानही कुणाला राहिलं नाही. एवढं लिहितो यात सगळं आलं. तुझे हात धन्य आहेत.

थंडी ओसरते आहे. प्रकृतीला जप.

तुझा
अनंतदादा


पुणे
३ मार्च २०२४

अनंतदादा,

अश्विनीने मोबाइलवर समारंभाची फिल्म पाठवली. कौतुकाने पाठवली, तिला काही बोलू नकोस. खाली लिहिलं होतं, "आत्या, थोडा गडबड हुआ, पण लोकांनी खूप एन्जॉय केलं."

मी कानाला यंत्र लावून पाहिली. पुन्हा पुन्हा पाहिली. पहिल्या 'तापीबाई'लाच नळ्या एक म्हणतात आणि तारा दुसरं. डुलणं कसलं, दोघं भांडताहेत. पुढच्या रांगेतल्या पोरी कानांवर हात ठेवून हसताहेत. तुझे ते शाहपुरचे वृद्ध गृहस्थ खुर्चीतून उठले नाहीत हे खरं आहे, ते झोपले होते. आणि तू खिडकीशी उभा आहेस, पाठ करून.

तुला ऐकू आलं होतं. माझा कान गेला असं तू समजलास, आणि मला कळू नये म्हणून नदी जिना चढून आली असं लिहिलंस. दादा, मी तुझ्याकडे कविता मागितली नव्हती. आवाज एक होता की दोन, एवढंच मागितलं होतं. या जगात मला खरं सांगेल असं एकच माणूस उरलं आहे असं वाटत होतं.

असो. परदेशी गुंडाळी मला बरोबर वाटली होती, म्हणजे ज्या कानाने लावलं त्याच कानाने तपासलं. ठरल्याप्रमाणे पिशवी बंद केली. चर्चला कळवलं. ईस्टरनंतर त्यांनी दुसरं कुणी पाहावं.

तुझ्यावर राग नाही. फक्त आता काही दिवस लिहू नकोस.

प्रतिभा


लालबाग, बुऱ्हाणपूर
१५ मार्च २०२४

प्रतिभा,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितो. पण या पत्रात उपमा नाही.

मी खोटं लिहिलं. बाजा वाजला तेव्हा मला वाटलं, आता तुझं कसं होईल. त्या काळजीने हातात पेन घेतलं आणि पेनाने नेहमीचं काम केलं. क्षमा मागा, असं अश्विनी म्हणाली. ती माझ्याशी दोन दिवस नीट बोलली नाही. "बाबा, आप तो पोएट्री में झूठ बोलते हो." क्षमा मागतो.

आता मुद्दा. काल वाचनालयात गेलो तो गुंडाळी परत नकाशांत ठेवून द्यायला. भिकनने ती टेबलं जोडून लांबच्या लांब पसरली होती. मी नुसता तिच्याकडे पाहत बसलो, आणि पाहता पाहता जन्माची सवय जागी झाली. लांब भोक दिसलं की मनात म्हटलं गुरू, आखूड दिसलं की लघू. ता-पी-बा-ई, चारी लांब. पुन्हा चारी लांब. पुढे आखूड, लांब, लांब, आखूड, लांब: कुठे चालली. अगं, मला ती वाचता येत होती. बाईंनी कागदावर वृत्त ठोकून ठेवलं आहे, मात्रेचाही फरक नाही.

मग दिसलं की कविता तिथे दोनदा लिहिलेली आहे. डावीकडचा पट्टा पियानोचा, उजवीकडचा नळ्यांचा. परदेशी गुंडाळीवर तूच मला दाखवलं होतंस. ती गुंडाळी काढून मी शेजारी ठेवली. तिच्यावर एका सुराचं भोक डावीकडच्या पट्ट्यात ज्या क्रमांकाच्या घरात, उजवीकडच्यातही त्याच क्रमांकाच्या घरात. बाईंच्या गुंडाळीत तसं नाही. नळ्यांचं प्रत्येक भोक एक घर डावीकडे सरकलेलं आहे. एखादं नाही, पहिल्या 'ता'पासून शेवटच्या 'वर'पर्यंत सगळी.

भिकन म्हणाला, "बाईचा हात सरकला असंल." मी म्हटलं, नाही. मी इतकी वर्षं मुलांच्या कविता तपासल्या. एका ओळीत एक मात्रा चुकली तर ती चूक. सगळ्या ओळींत तीच मात्रा, त्याच जागी सुटली, तर ती चूक नसते. ते त्या मुलाने ठरवलेलं वृत्त असतं. बाईंनी हे ठरवून केलं आहे. का केलं ते मला कळत नाही. तुला कळेल.

अनंतदादा


पुणे
२४ मार्च २०२४

दादा,

तुझं पत्र घेऊन मी दोन वेळा बाहेर जाऊन चालून आले.

डावीकडे म्हणजे खालच्या सुराकडे. एक घर म्हणजे अर्धा स्वर. म्हणजे बाईंनी सगळ्या नळ्यांना पियानोपेक्षा अर्धा स्वर खाली गायला सांगितलं आहे. शहाणं माणूस असं का करील? तर त्या वेळी नळ्या तेवढ्याच वर चढलेल्या असतील म्हणून.

आपण तो बाजा कधी ऐकायचो, तूच लिहिलं आहेस. मे महिन्यात. फक्त मे महिन्यात. मला डोक्यावर ठेवलेला ओला पंचा आठवतो, तो कविता संपायच्या आत वाळायचा. नळीत हवा गाते, आणि हवा तापली की सूर चढतो. तार तापली की सैल पडते, सूर उतरतो. त्यातून तेव्हा त्या तारा किती वर्षांत कुणी ताणल्याच नव्हत्या. एक वर, एक खाली, मध्ये अर्ध्या स्वराची फट. बाईंनी कोणतं भोक कोणत्या सुराचं याची चौकशीच केली नाही. ऐकलं, नळ्या वर जातात असं दिसलं, त्यांना एक घर खाली बसवलं. फट बुजली. तुझ्या बुऱ्हाणपुरी उन्हाळ्याला त्यांनी कागदावर ठोकून बसवलं. मी जानेवारीत जाऊन दोघांना एका सुरात आणलं, आणि बाईंचं गाणं मोडलं.

हे झालं गणित, आणि ते छान जुळतं. पण गणित जुळलं म्हणून माझा कान जुळला असं होत नाही. मी बरोबर असेन किंवा चुकले असेन, फेब्रुवारीत ते बेसूरच वाजलं असतं. तेव्हा अजून एक करायचं आहे. मी बाजा खरोखर जुळवला असेन, तर ऐन वैशाखात नळ्या आपणहून वर चढतील आणि गाणं जागेवर येईल. मी चुकले असेन, तर तेव्हाही ते भांडतच राहील.

सगळ्यांत तापलेला दिवस निवड. सकाळपासून खिडक्या उघड्या. कूलर नाही, पंखा नाही. फिल्म पाठवू नकोस, मोबाइलमधून आलेल्या आवाजावर मी निवाडा देणार नाही. तूही देऊ नकोस, तुझा कान प्रेमळ आहे. बाईंच्या वर्गातलं कुणी जिवंत असेल तर बसव, आणि तिला आधी काही सांगू नकोस.

मग जे घडेल ते लिही. पिशवी दाराशी ठेवली आहे, आत नाही, बाहेर नाही.

प्रतिभा


लालबाग, बुऱ्हाणपूर
२५ मे २०२४

प्रिय प्रतिभा,

काल केलं. जसं घडलं तसं लिहितो, वाढवत नाही.

आमच्याकडे या आठवड्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही. काल तर सकाळी दहालाच नळाला हात लावला की चटका बसत होता. तोच दिवस धरला. बाईंच्या वर्गातली एकजण सापडली, दापोऱ्याची मालूबाई. लहानपणी मावशीकडे राहून लालबागेत शिकत होती, तुझ्या पुढच्या रांगेत बसायची. तिची वेणी तू बाकाला बांधली होतीस म्हणे. आता केळीचा मळा सांभाळते. अश्विनी रजा टाकून गाडीने तिला घेऊन आली. कशाला, ते सांगितलं नाही. मालूबाई जिना चढतानाच करवादली, "एवढ्या तपनीत म्हाताऱ्या मानसाले कुठी नेता तुम्ही? नीट मारून टाका एकदाचं."

वर आल्यावर तिला बाजा दिसला आणि ती त्याच्यासमोरच बसली. पदराने वारा घालत बसून राहिली. अश्विनी माझ्या कानाशी, "बाबा, हीट स्ट्रोक आ जाएगा किसी को, कूलर लगाने दो ना पाच मिनिटं." मी हो म्हटलं नाही. हँडल इतकं तापलं होतं की भिकनला गमछा गुंडाळून धरावं लागलं.

आधी मीच सांगितलं म्हणून भिकनने परदेशी गुंडाळी लावली. प्रतिभा, ती चाल मला कळत नाही असं मी म्हणालो होतो. काल कळली. दोन मांजरं एका पोत्यात घातल्यासारखी ती ओरडली. माझं काळीजच गेलं. वाटलं, संपलं, हे मला लिहावं लागणार. मग लक्षात आलं की तुझं खरं असेल, नळ्या चढल्या असतील, तर तिने आज असंच ओरडायला हवं.

मग 'तापीबाई' लावली.

पहिल्या ओळीला मी जमिनीकडे पाहत होतो. दुसऱ्या ओळीला मला माझ्याशेजारी तू दिसलीस, फ्रॉकचं टोक तोंडात धरून बसलेली. एवढं एक वाक्य मला लिहू दे. आवाज एक होता. माझ्या कानाला तरी एक होता. पण माझा कान प्रेमळ, म्हणून मी मालूबाईकडे पाहिलं. ती गात होती. कुणी सांगितलं नव्हतं. पदराचा वारा थांबला होता, तोंडात दात नाहीत, आणि गात होती. शेवटच्या ओळीला 'भिजले धोतर' म्हणाली. मी म्हटलं, मालूबाई, लुगडे. तर म्हणते, "तुम्हाले लुगडे. आमी पोरी तर धोतरच म्हनायचो, हेडमास्तराचं. बाई आयकून घ्यायची अन् हसायची."

पुन्हा लावायला लावलं तिने. आणि पुन्हा. अश्विनी शेवटी रडली आणि म्हणाली घाम आहे.

एवढ्यावर थांबणार होतो. पण तू म्हणाली होतीस, जे घडेल ते लिही. म्हणून लिहितो, तुला वाईट वाटलं तरी. उठताना मी मालूबाईला विचारलं, हाच का तो सूर? ती जरा विचार करून म्हणाली, "हाच तो. पन बाईले आज जराशी सर्दी झाल्यावानी वाटते. नळीत थोडं बसल्यासारखं येते. तेव्हा मोकळं यायचं." मी म्हटलं, तुझं वय झालं, तुझ्या कानाचा दोष असेल. ती रागावली. "माह्या कानाले काही झालं नाही. मळ्याच्या दुसऱ्या बांधावरून कोन केळी तोडतं ते मले आयकू येते."

हे मला ऐकू आलं नव्हतं. तिला आलं. याचा अर्थ काय होतो तो तू लाव. मी लिहिलं, आता जड वाटत नाही.

तुझा
अनंतदादा


पुणे
२ जून २०२४

दादा,

सर्दीपर्यंत मी तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. सर्दीला पोहोचले आणि खुर्चीत बसले.

एक गोष्ट मी मार्चमध्ये तुला मुद्दाम लिहिली नव्हती. बाईंच्या वेळी नळ्या उन्हाने वर गेल्या होत्या आणि तारा वर्षानुवर्षांच्या हेळसांडीने खाली आल्या होत्या. दोन्ही मिळून अर्धा स्वर. ऊन तसंच आहे, पण तारा मी ताणून जागेवर आणल्या. म्हणजे नुसत्या उन्हाच्या जोरावर नळ्यांना बाईंच्या गाण्यापर्यंत पुरतं पोहोचता येणार नव्हतं. मी नीट जुळवलं असेन तर केसभर कमी पडायला हवं होतं, तेवढंच आणि त्याच बाजूला. नळ्या जरा बसलेल्या. हे लिहिलं असतं तर तू मला हेच लिहून पाठवलं असतंस, ऐकू आलं नसतं तरी. म्हणून लपवलं. आता आपली फिटंफाट झाली.

सगळं अगदी मोकळं वाजलं असं तू लिहिलं असतंस, तर मी पिशवी माळ्यावर टाकली असती.

कान काही परत यायचा नाही. उजवाही एक दिवस जाईल. पण गेला नाही अजून. परवा चर्चमध्ये जाऊन आले. त्यांनी दुसऱ्या कुणाला बोलावलंच नव्हतं. फादर म्हणाले, तुमची चिठ्ठी आम्ही नीट वाचली नाही. रविवारी जाते आहे. थंडीत तुमच्याकडे येईन, परदेशी चालीसाठी. त्या वेळी बाईंची गुंडाळी काढायची नाही, आणि उन्हाळ्यात परदेशी काढायची नाही. भिकनला दारावर लिहून लावायला सांग.

अश्विनी विचारते, त्या गुंडाळीची भोकं आपण नीट करून घ्यायची का, म्हणजे बारा महिने वाजेल. मी तिला नाही म्हणून कळवलं आहे. आणि मालूबाईला सांग, बाईंच्या सर्दीवर माझ्याकडे औषध आहे. देणार नाही.

प्रतिभा